अकरा कोपऱ्यांचं नाणं

"अंगठा पुसून परत ठेवा काकू," रेशन दुकानदार बारसकर म्हणाला.

मालनने अंगठा पदराला पुसला आणि परत मशीनवर ठेवला. मशीनने थोडा विचार केला आणि लाल दिवा लावला.

"ओळख पटत नाही," बारसकर म्हणाला.

"तीस वर्षं तुझ्याकडनं तांदूळ नेतीय की रे मी."

"मला पटतीय काकू. मशीनला पटंना."

मागे आठ-दहा बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मी मालनच्या शेजारी होतो. मला विनोद करायची सवय आहे, आणि समोर रांग असली की ती वाढते. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्याचा हा परिणाम.

"गुळगुळीत झालाय अंगठा," मी म्हणालो. "चलनातून बाद करा तिला."

बायका हसल्या. मालनही हसली. मग मी माझा अंगठा पुढे केला. मशीनने मला एका झटक्यात ओळखलं आणि हिरवा दिवा लागला. मला उगाचच बरं वाटलं.

"एवढं काय करता काकू अंगठ्यानं?" तांदूळ पिशवीत ओतता ओतता बारसकरने विचारलं.

"काय करणार. सैपाकपाणी," मालन म्हणाली आणि पिशवीचं तोंड धरून उभी राहिली.

ही शुक्रवारची गोष्ट. रविवारी आमच्या नाणी मंडळाची वार्षिक स्पर्धा होती आणि मी परीक्षक होतो. त्यामुळे त्या आठवड्यात मी जरा जास्तच विनोदी झालो होतो.

मंडळाबद्दल सांगायला पाहिजे. बार्शीत आम्ही सतरा जण होतो. त्यातले सोळा शहाणे होते. शहाणे म्हणजे ते नवी कोरी नाणी जमवायचे. सरकार अधूनमधून स्मारक नाणी काढतं. कुणाची तरी शताब्दी असते, नाहीतर कसलं तरी वर्ष असतं. मुलींचं वर्ष, पर्यटनाचं वर्ष, लहान शेतकऱ्यांचं वर्ष. वर्ष संपलं की मुली, पर्यटक आणि शेतकरी आपापल्या घरी जातात, नाणं मात्र बाजारात हिंडत राहतं. आमचे सोळा जण ते बाजारात जायच्या आधीच पकडायचे आणि प्लास्टिकच्या डबीत कोंडायचे. त्यांच्यात कांकरिया शेठ मोठे. कापडाचं दुकान, पांढरे हातमोजे घालून नाणी उचलायची पद्धत. सुनेने चहा दिला तरी आधी कपाच्या कडा तपासत असतील.

मी सतरावा. मी स्मारक नाणी जमवायचो, पण झिजलेली. जितकी वाईट तितकी चांगली. चेहरा गेलेला, अक्षरं गेलेली, सालाचे आकडे पुसलेले. अट एकच, ती मीच घातली होती: ओळख पटली पाहिजे. म्हणजे नाणं इतकं झिजलेलं हवं की दुकानदार ते घ्यायला नाही म्हणेल, पण भिंगाखाली धरलं तर ते कोणतं हे सांगता आलं पाहिजे. त्यापुढे झिजलं तर तो नुसता पत्रा.

हा नाद मला एसटीनेच लावला. गर्दीत लोक कंडक्टरच्या हातात नाणं कोंबतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात. खिडकीबाहेर बघायला लागला की समजायचं, नाणं चालत नाही. तसली नाणी पुढे माझ्याकडूनही कुणी घेत नसे. मग ती घरी यायची. मालनने त्यासाठी बिस्किटांचा एक डबा दिला. डबा भरला तेव्हा मी वही केली. प्लास्टिकचे कप्पे असलेली वही, शंभरावर कप्पे, आणि त्यातला एकच रिकामा होता.

तो कप्पा 'छोटा परिवार'चा. दोन रुपयांचं, अकरा कोपऱ्यांचं नाणं. त्र्याण्णव साली निघालेलं. वर कुटुंबाचं चित्र आणि 'छोटा परिवार खुशियाँ अपार' अशी अक्षरं. आमचा परिवार सरकारने सांगितला त्याहून छोटा होता. आम्ही दोघंच. लग्नानंतर बारा वर्षं सोलापूर, पुणे, मिरज, सगळीकडच्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवले. उंबरठे झिजले, दुसरं काही झालं नाही. मग आम्ही तो विषय बंद केला आणि मी नाणी जमवायला लागलो.

या नाण्याची अडचण अशी की त्याचा धातू टणक. बाजारात पाहिजे तितकं मिळायचं, पण ज्याला त्याला चित्र ठसठशीत. इतकी वर्षं लोकांच्या खिशात धक्के खाऊनही ते कुटुंब मजेत. मला ते झिजलेलं पाहिजे होतं. बारा-पंधरा वर्षं शोधत होतो. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर मी त्याच्याबद्दल बोलायचो. मालन ऐकायची. दुसरं कोण ऐकणार.

स्पर्धा वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. त्यातला झिजलेल्या नाण्यांचा विभाग कांकरिया शेठनी चार वर्षांपूर्वी गंमत म्हणून सुरू केला होता. 'उकिरडा विभाग' हे नावही त्यांचंच. परीक्षक मी, कारण दुसऱ्या कुणी व्हायला तयार नव्हतं. तरी नियम कडक होते. नाणं नंबर घालून टेबलावर ठेवायचं, नाव आणि माहितीचा कागद बंद पाकिटात सचिवांकडे द्यायचा. सचिव म्हणजे देशमाने सर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, पाकिटाला चिकटपट्टीही पट्टीने मापून लावणारे.

त्या रविवारी मालन म्हणाली, "मी पण येते."

"तू कशाला? तिथं बायका नसतात."

"बघते की एकदा, काय करता तिथं ते."

तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली. सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले. वाचनालयाचा जिना चढताना दोनदा थांबली. मी पुढे गेलो, परीक्षकाला उशीर होऊन चालत नाही. ती शेवटच्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीवर बसली, मांडीवर डबा घेऊन.

"कंडक्टर, आज काय काय भंगार आलंय?" कांकरिया शेठनी हातमोजे काढत विचारलं.

"तुमची नाणी जन्मल्यापासून डबीत, शेठ. माझी निदान जग बघून आलीत."

"जग बघून आलीत म्हणून तोंड राहिलं नाही."

लोक हसले. मी भिंग काढलं.

पहिल्या नाण्याचा अर्धा भाग झिजलेला होता आणि अर्धा कोरा, म्हणजे कुणीतरी ते फरशीवर ओढलं होतं. दुसरं रेल्वेखाली ठेवलेलं. तिसऱ्या नाण्याला भोक होतं, मालकाच्या मते ते झिजून पडलं होतं. चौथं आणि पाचवं बरं. सहावं चांगलं, एक रुपयाचं, बाजारात प्रामाणिकपणे मार खाल्लेलं. त्यालाच बक्षीस जाणार असं मी मनात ठरवलं आणि सातवं उचललं.

अकरा कोपरे बोटाला लागले. मी ते उजेडाकडे धरलं. आधी काहीच दिसलं नाही, दोन्ही बाजू सपाट. मग तिरकं केलं तेव्हा चित्रातली माणसं सावलीसारखी वर आली. त्यांच्या खाली अक्षरांची एक अस्पष्ट ओळ.

'छोटा परिवार'.

भिंग टेबलावर ठेवून मी पाणी प्यालो. पंधरा वर्षं शोधत होतो ते नाणं समोर होतं. ज्याचं असेल त्याला मी वहीतली कोणतीही दहा नाणी द्यायला तयार होतो. मी मान वर करून खोलीत बघितलं, कोण माझ्याकडे बघतंय म्हणून. सगळेच बघत होते. मालनही बघत होती. तिने लाडवांच्या डब्यावर दोन्ही हात घट्ट ठेवले होते.

मग मी भिंग परत उचललं. तिथे सगळं बिघडलं.

बाजारात फिरलेलं नाणं आधी कडेला झिजतं. कोपरे जातात, मग काठ, मग पोट. हे नाणं उलटं होतं. पोट झिजून सपाट आणि अकराच्या अकरा कोपरे टोकदार. शिवाय पृष्ठभागावर बारीक बारीक गोल रेघा, सगळ्या एकाच दिशेने. हे हजार हातांतून गेलेलंच नव्हतं. एका जागी बसून, एका माणसाने, गोल गोल घासलं होतं.

आता मी गप्प बसून नाणं बाजूला ठेवू शकलो असतो. आधीच्या तिघांचं तसंच केलं होतं. पण हे नाणं मला दोन मिनिटं खरं वाटलं होतं, त्याचा राग आला. आणि समोर रांग होती.

"मंडळी," मी म्हणालो, "सात नंबर बघा. हे नाणं बाजारात एक दिवस गेलेलं नाही. कुणीतरी घरात बसून घासलंय. किती वर्षं घासलंय ते मला सांगता येणार नाही, पण बरीच. यावरून माणसाबद्दल दोन गोष्टी कळतात. एक, त्याला दुसरा उद्योग नाही. दोन, त्याला अक्कल नाही, कारण कोपरे तसेच ठेवलेत. चोरी करून चपला तिथेच विसरून जावं तसं आहे हे."

खोलीभर हशा. कांकरिया शेठ मांडीवर हात मारून हसले. मालनही हसत होती. मी बघितलं, हसत होती.

"बायको नसेल त्याला," कांकरिया म्हणाले. "असती तर कामाला लावलं असतं."

"असेल," मी म्हणालो, "पण तिचीही त्याच्यापुढे काही चालत नसेल."

तेवढ्यात खालचा चहावाला मैनुद्दीन किटली घेऊन वर आला. मी एक चहा घेतला. खिशातून आठ रुपये काढले आणि वर ते सात नंबरचं नाणं ठेवलं.

"घे. हे आता खऱ्या बाजारात जाऊ दे. वीस वर्षांनी परत आलं तर बक्षीस देतो."

मैनुद्दीनने नाणं उलटसुलट बघितलं. "साहेब, हे कोण घेणार?"

"कंडक्टरला दे," मी म्हणालो. "आणि खिडकीबाहेर बघ."

एवढा हशा माझ्या नशिबात त्याआधी कधी आला नव्हता, त्यानंतरही नाही.

सहाव्या नंबरला बक्षिसाचा नारळ दिला. लाडू वाटायची वेळ आली तेव्हा मालन जागेवर नव्हती. डबा खुर्चीवर होता. ती थोड्या वेळाने जिना चढून वर आली, म्हणाली, खाली वारं घ्यायला गेले होते. निघताना देशमाने सरांनी सात नंबरचं पाकीट माझ्या हातात दिलं.

"नाणं तू खर्च केलंस. मालकाला भरून दे."

"दोन रुपये देतो की."

"ते तू आणि तो बघा," सर म्हणाले. त्यांना नाव माहीत होतं. पाकिटं त्यांनीच घेतली होती. पण नियम म्हणजे नियम, ते माझ्याकडे बघून नुसता चष्मा पुसत राहिले.

घरी जाताना रिक्षात मालन म्हणाली, "छान बोलता की तुम्ही चारचौघांत."

"आवडलं?"

"हसले की सगळे."

मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दळण घेऊन गिरणीत गेली. मी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं आणि त्या अक्कलशून्य माणसाचा पत्ता बघायला फोडलं. आत मंडळाचा छापील कागद होता. रकाने निळ्या बॉलपेनने भरलेले. अक्षर मोठं, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं. किराण्याच्या यादीत मी ते रोज बघत होतो.

नाव: सौ. मालन भानुदास घोडके.

नाणे कोठे मिळाले: घरी.

किती वर्षे जवळ आहे: नऊ.

कशाने झिजले: अंगठ्याने. भाजी शिजेपर्यंत.

मी तो कागद परत पहिल्यापासून वाचला. तिने काही लपवलंच नव्हतं. सगळं खरं लिहून, पाकिटात घालून, नियमाप्रमाणे सचिवांकडे दिलं होतं. कागद परीक्षकाने वाचायचा नाही, हा नियमही माझाच.

चपला घातल्या आणि वाचनालयाकडे निघालो. धावलो म्हणायला हरकत नाही, बासष्टाव्या वर्षी जे काही होतं त्याला धावणं म्हणत असतील तर. मैनुद्दीन गाड्यावर आलं ठेचत होता.

"कालचं ते दोन रुपयाचं नाणं कुठाय?"

"तुम्ही खपवलेलं?"

"हो. खपवलेलं. कुठाय?"

"वहिनींनी नेलं."

"कुठल्या वहिनींनी?"

"तुमच्या. माझ्या मागोमागच जिना उतरून आल्या. म्हणाल्या, आमच्या साहेबांनी चुकून दुसरंच नाणं दिलं. दहाची नोट ठेवली. मी म्हणलं, वहिनी, वरचे आठ घेऊन जावा. तर म्हणाल्या, राहू दे, लई महागाचं हाय ते." त्याने आलं पातेल्यात टाकलं. "चहा टाकू का साहेब?"

"नको," मी म्हणालो. पण तिथेच बाकड्यावर बसलो. घरी काय तोंड घेऊन जायचं हे ठरत नव्हतं.

घरी आलो तेव्हा दळणाचा डबा दारात होता आणि आतून भाजीचा वास येत होता. गवार. आणि आवाज. कडप्प्यावर काहीतरी हळू फिरतंय असा, खर्र खर्र, मध्येच थांबणारा. मी जागच्या जागी उभा राहिलो. तो आवाज मी नऊ वर्षं बाहेरच्या खोलीत पेपर वाचत ऐकत होतो. मला वाटायचं, झाकण हलतंय. एकदा मी ओरडलोही होतो, गॅस बारीक कर म्हणून.

ओट्याच्या कडेला एक चकाकता गोल डाग होता, बशीएवढा. तोही मला माहीत होता. कुकरचा असेल असं मी धरून चाललो होतो. मालन त्या डागापाशी पाठमोरी उभी होती. डाव्या हाताने कालवण हलवत होती आणि उजव्या हाताचा अंगठा ओट्यावर गोल गोल फिरत होता.

"कुठं गेला होता?" तिने मागे न बघता विचारलं.

"चहाला."

"घरात चहा नव्हता व्हय."

"मैनुद्दीनकडे गेलो होतो."

अंगठा थांबला नाही. "मग? बरा होता?"

"मालन, मी पाकीट उघडलं."

"बरं केलं. पत्ता सापडला का त्या रिकामटेकड्याचा?"

मी दाराच्या चौकटीला टेकलो.

"बाकी सगळं बरोबर बोललात तुम्ही," ती म्हणाली. "बाजारात गेलं नाही हे खरं. एका माणसाचं काम हेपण खरं. पण उद्योग नाही म्हणालात ते काय पटलं नाही मला. भाजी कोण करतं मग."

"तू मला आधीच का नाही सांगितलंस? घरीच दिलं असतंस."

"विचारलं होतं की. नऊ वर्षांमागं. म्हणलं, मी घासून देते. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, नाणं घासायचं नसतं, ते हजार हातांतून जावं लागतं." तिने गवारीतला एक दाणा चमच्यावर दाबून बघितला. शिजला नव्हता. "मला कुठं हजार हात. दोन हायत. त्यातला एक कालवण हलवायला लागतो."

"मग स्पर्धेत कशाला टाकलंस?"

"तिथं तुम्ही भिंगातनं नीट बघता. म्हणलं, ओळखतील."

या ठिकाणी चांगल्या माणसाने काय बोलायचं असतं ते मला माहीत होतं. चौतीस वर्षं मी अनोळखी लोकांना दिवसातून दहा वेळा 'माफ करा, सुट्टे नाहीत' म्हणालो. त्यातले पहिले दोन शब्द मला पाठ होते. मी ओट्याजवळ गेलो. नाणं तिच्या अंगठ्याखालून उचललं. ते गरम होतं. तिचा अंगठा बघितला, तो अगदी तसाच होता, सपाट आणि चकाकता, रेघ न दिसणारा. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"कोपरे तसेच राहिलेत. आधी कोपरे जायला पाहिजे होते."

तिने माझ्याकडे बघितलं. मग नाण्याकडे.

"हे नऊ वर्षांमागं सांगायचं की."

"मला काय माहीत तू घासतीयस."

"एवढे परीक्षक."

"आण, वहीत लावतो," मी म्हणालो. "कप्पा रिकामाच आहे."

तिने माझ्या हातातून नाणं काढून घेतलं. "नको. लबाडीचं हाय ते. चारचौघांत बाद झालंय." आणि ते उभं करून, एका कोपऱ्यावर धरून, ती ओट्यावर घासायला लागली. आवाज बदलला. "झालं की सांगते. व्हा बाहेर, वाफ येतीय अंगावर."

तेव्हापासून आमच्यात तो ठरलेला विषय झाला. स्पर्धा जवळ आली की मी विचारायचो, यंदा देतीस का. ती म्हणायची, अजून तीन कोपरे राहिलेत. पुढच्या वर्षी दोन. मी परीक्षकपद सोडून दिलं होतं, पण ते तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने घासायचं थांबवलं असतं, आणि मला तर तो आवाज रोज ऐकायचा होता. माफी मागायची राहिली. रोज वाटायचं, उद्या मागू, कोपरे कुठे संपलेत.

पाच वर्षांनी ते संपले. मालनला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि सहाव्या दिवशी दवाखान्याने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात मंगळसूत्र, चार बांगड्या आणि एक गोल चकती.

"हे त्यांच्या मुठीत होतं," नर्स म्हणाली. "बटण आहे का हो? कशाचं आहे कळेना."

मी ते उजेडाकडे धरलं, तिरकं केलं. सावल्या गेल्या होत्या. अक्षरांची ओळ गेली होती. अकरापैकी एकही कोपरा नव्हता. माझ्या नियमाने तो नुसता पत्रा होता.

"दोन रुपये आहेत," मी नर्सला सांगितलं.

वहीतला कप्पा अजून रिकामा आहे. नाणं ओट्यावर असतं. मला सैपाक येत नव्हता, आता गवार आणि पिठलं येतं. गवार फार वेळ घेते हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळलं. त्या वेळात उभ्या उभ्या दुसरं करणार काय.

परवा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी पेन्शनसाठी दाखवावं लागतं. खिडकीतली मुलगी चुणचुणीत होती. तिने मशीन पुढे सरकवलं. मी उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा लागला.

"पुसून ठेवा आजोबा."

पुसून ठेवला. परत लाल.

"ओळख पटत नाहीये," ती म्हणाली, आणि माझा अंगठा धरून उलटा करून बघितला. "पार गुळगुळीत झालाय. काय काम करता तुम्ही?"

"काही नाही," मी म्हणालो. "भाजी शिजेपर्यंत असतो उभा."

तिला वाटलं, मला ऐकू कमी येतं. मोठ्याने म्हणाली, "डावा ठेवा, डावा."

डावा कालवण हलवायला लागतो, त्यामुळे तो शाबूत होता. हिरवा दिवा लागला. मशीनच्या मते मी अजून हयात आहे.